जपानी दुखणे, मराठी शब्द

जपानी शिकणाऱ्यांना धास्ती असते ती हिरागाना, काताकाना आणि कांजी या तीन लिप्यांची. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जपानला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मात्र दुखण्याचे शब्दही तितक्याच नेटाने शिकावेत.

डोके ‘झुकिझुकि’ करते म्हणजे ठसठसते. ‘गानगान’ म्हणजे घण घातल्यासारखे दुखते. त्वचेची ‘हिरिहिरि’ म्हणजे चुरचुर, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचणी. पोटात ‘किरिकिरि’ म्हणजे तीव्र कळ, तर ‘शिकुशिकु’ म्हणजे मंद, रेंगाळणारे दुखणे. निदानाची दिशा अनेकदा अशा वर्णनातूनच मिळते. आजीची तक्रार सर्वांत आधी शुश्रूषा करणाऱ्याच्याच कानी पडते. त्याने डॉक्टरांना नुसते ‘दुखतंय’ एवढेच कळवले, तर निम्मी माहिती वाटेतच हरवते.

हे शब्द इंग्रजीतून शिकवणे म्हणजे द्राविडी प्राणायाम. ठणका, चमक, मुरडा असे बारकावे मराठीत आहेत. ठसठस, चुरचुर अशी जोडशब्दांची सवयही आहे. शिवाय दोन्ही भाषांत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटीच येते. म्हणून जपानीच्या वर्गांनी प्रत्येक दुखण्यासमोर मराठी शब्द लिहावा. परीक्षेतल्या गुणांपेक्षा तो रुग्णाच्या अधिक उपयोगी पडेल.