नमुना अपुरा, सबब नामंजूर

पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या संशोधन-समितीवर बसण्याचा मान मला मिळाला होता, आणि त्या मानाबरोबर जे अधिकार पदरी पडतात त्यांतील सर्वांत सुलभ अधिकार, म्हणजे परक्याच्या प्रस्तावाच्या समासात तांबड्या शाईने शेरा ओढण्याचा, मी मोठ्या तत्परतेने बजावीत असे. एकदा विशेष शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंचा प्रस्ताव समितीपुढे आला. त्यांच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. तो दहा मिनिटेही एका जागी बसत नसे, दर थोड्या वेळाने उठून खिडकीच्या गजाला लटके. बाईंनी खाकी पुठ्ठ्याच्या एका वहीत चौकटी आखून, किती मिनिटे बसला, किती वेळा उठला, याची रोजच्या रोज नोंद ठेवली होती. आणि ती नोंद ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात असे आले होते, की पोरगे उठले रे उठले की वर्गातील मावशी हातातले काम टाकून धावत जातात, ‘बस रे माझ्या राजा’ म्हणत त्याला कुरवाळून जागेवर आणतात, आणि तो शहाण्यासारखा बसलेला असतो तेव्हा मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हा क्रम उलटा केला तर काय होईल, दोन आठवड्यांनी तो पुन्हा पूर्ववत केला तर काय होईल, आणि मग फिरून उलटा केला तर काय होईल, एवढेच त्यांना तपासून पाहावयाचे होते. मी प्रस्तावावर लिहिले: ‘नमुना अपुरा. प्रयुक्तांची संख्या किमान साठ असावी. सबब नामंजूर.’ बाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. कागद परत घेताना त्या एवढेच म्हणाल्या, “सर, आमच्या अख्ख्या शाळेत चौतीस मुलं आहेत.”

ज्या पद्धतीला मी त्या दिवशी एका ओळीत निकालात काढले, तिला वर्तनशास्त्रात एकल-प्रयुक्त (म्हणजे ज्यावर प्रयोग करावयाचा ती व्यक्ती एकच असलेला) प्रायोगिक अभिकल्प म्हणतात, आणि तिची वंशावळ माझ्या तांबड्या शाईपेक्षा कितीतरी जुनी आहे, हे मला फार उशिरा कळले. बाईंच्या प्रस्तावाशी बहुतेक शब्दशः जुळणारा एक प्रयोग अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील शाळांत होऊन गेला होता. हॉल, लंड आणि जॅक्सन या तिघांचा तो निबंध १९६८ साली, उपयोजित वर्तन-विश्लेषणाच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात रॉबी या नावाने ओळखला जाणारा एक मुलगा आहे. अभ्यासाच्या तासाला हा रबराची बंधने ताणून उडवी, खिशातली खेळणी काढी, शेजाऱ्यांशी गप्पा मारून हसे, सकाळी वाटलेले दूध घोट घोट करीत रेंगाळत पिई आणि दूध संपले की रिकाम्या खोक्याशी खेळत बसे. निरीक्षकांनी दर दहा सेकंदांनी नोंद केली तेव्हा अभ्यासात जाणारा त्याचा वेळ भरला शेकडा २५. आणि त्याच्या वर्गावरील बाईंचे जे लक्ष त्याच्या वाट्याला येत होते, त्यातले निम्म्याहून अधिक तो अभ्यास सोडून भलतेच काही करीत असताना येत होते.

पुढची युक्ती साधी होती. रॉबीने सलग एक मिनिट अभ्यास केला की निरीक्षकाने रंगीत कागदाचा एक लहानसा चौकोन मुलाच्या नकळत वर धरावयाचा, आणि ती खूण दिसताच बाईंनी त्याच्याजवळ जाऊन कौतुकाचे दोन शब्द बोलावयाचे. त्याच्या उनाडपणाकडे मात्र कानाडोळा करावयाचा. अभ्यासाचे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. एरवी कोणीही येथेच थांबून समारंभ केला असता. संशोधकांनी मात्र कौतुक बंद करावयास सांगितले. प्रमाण उतरून ५० वर आले. कौतुक पुन्हा सुरू झाले आणि प्रमाण पुन्हा वर चढले. पुढे कित्येक आठवड्यांनी जाऊन पाहिले तेव्हा ते ७९ होते.

या मागे वळण्यातच पद्धतीचे सारे मर्म आहे. अंधाऱ्या घरात खटका दाबल्याबरोबर दिवा लागला, तर तो खटक्याने लागला की नेमकी त्याच क्षणी गेलेली वीज परत आली, हे एका वेळेवरून सांगता येत नाही. पण दाबला की लागतो, उचलला की विझतो, पुन्हा दाबला की पुन्हा लागतो, असे तीन-चार वेळा घडले म्हणजे योगायोगाची सबब सांगणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते. समूहप्रयोगात ज्याला उपाय मिळाला त्याची तुलना ज्याला मिळाला नाही त्या दुसऱ्या कोणाशी होते. येथे त्याच मुलाची तुलना त्याच मुलाशी होते. आधीचा रॉबी हाच नंतरच्या रॉबीचा नियंत्रित गट. प्रयुक्त एक असतो खरा, पण नोंदी एकीऐवजी शेकड्यांनी असतात. संख्येची उणीव काळाने भरून काढावयाची, असा हा व्यवहार आहे. आपण हजार उंदीर तासभर पाहण्यापेक्षा एक उंदीर हजार तास पाहू, असा जो सल्ला वर्तनशास्त्रज्ञ स्किनरने आपल्या शास्त्राला दिला, त्याचा अर्थ हाच.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे, कारण आमच्याकडे तो फार आहे. अमक्या वैद्याचा काढा घेतला आणि माझी संधिवाताची कळ पळाली, असे छापून आणणारे गृहस्थसुद्धा एकाच माणसाचा पुरावा देत असतात. पण तो पुरावा नव्हे, ती साक्ष आहे, आणि तीही उलटतपासणी न झालेली. काढा घेण्यापूर्वी कळ रोज किती होती याची त्यांनी वही ठेवलेली नसते, काढा थांबवून ती परत येते का हे पाहिलेले नसते, आणि मोजणारा व भोगणारा एकच असतो. गंमत अशी, की अशा एकट्या साक्षीवर सहजी विश्वास ठेवणारा आमचा सुशिक्षित समाज विद्यापीठाच्या दारात शिरला, की एकदम साठांच्या खाली बोलावयास तयार नसतो.

साठांच्या या आग्रहामागे सरासरीवरचा जो भाव आहे, त्याचाही थोडा विचार व्हावा. १८६५ साली फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी प्रायोगिक वैद्यकावर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका शास्त्रज्ञाची त्यांनी मनसोक्त टवाळी केली आहे: हे महाशय नाना देशांच्या प्रवाशांची जेथे ये-जा चालते अशा एका रेल्वे-स्थानकावरील मुतारीतून लघवी गोळा करून आणीत आणि तिचे पृथक्करण म्हणजेच सरासरी युरोपीय लघवीचे पृथक्करण, असे मानीत! अशी लघवी कोणाही एका युरोपीय माणसाची नव्हती, हे सांगावयास नको. हाच प्रकार शिकण्याच्या बाबतीत घडतो. सायकल शिकणारी वीस मुले घ्या. प्रत्येक मूल कित्येक दिवस आपटते आणि एखाद्या सकाळी एकाएकी तोल सापडून सुसाट निघते. कोणाचा तो दिवस तिसरा, कोणाचा नववा. आता विसांची सरासरी काढून रेषा आखा: ती सावकाश, सफाईने चढत जाणारी दिसेल, आणि सायकल ही हळूहळू येणारी विद्या आहे असा निष्कर्ष निघेल, जो विसांपैकी एकाही मुलाला लागू पडणार नाही. मरे सिडमन यांनी १९५२ साली गणिताच्या भाषेत हेच दाखवून दिले आणि १९६० साली संशोधनाच्या डावपेचांवर एक सबंध ग्रंथ लिहून एकल-प्रयुक्त पद्धतीचा पक्ष मांडला.

शिवाय ज्यांच्या नावाने समूहप्रयोगाची द्वाही फिरविली जाते, त्या सर रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ सालच्या प्रयोगरचनेवरील ग्रंथातले आरंभीचेच उदाहरण कोणते? कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे चवीवरून ओळखतो असे म्हणणाऱ्या एका बाईंचे. कप आठ, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम यादृच्छिक. निव्वळ अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरांत एक. फिशरसाहेबांनी साठ बायका जमविल्या नाहीत, कारण प्रश्नच त्या एका बाईच्या जिभेचा होता. त्याआधी १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करकरून विस्मरणाचा जो सुप्रसिद्ध वक्र काढला, जो आज शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात छापलेला असतो, त्यातही प्रयुक्त एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः एबिंगहाउस. २०१५ साली हॉलंडमध्ये दोघा संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच माणसावर, सुमारे सत्तर तास; वक्र बराचसा तसाच आला.

माणसामाणसांतील फरकाइतकाच एकाच माणसातील दिवसादिवसांचा फरकही मोजण्याजोगा असतो, हे म्हणणे महाराष्ट्राला तरी अपरिचित नसावे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे आहाराच्या बाबतीत हाच मुद्दा लावून धरण्यात खर्च केली. कुपोषितांच्या गणतीविषयी त्यांनी त्यातून जी अनुमाने काढली, त्यांवर फार कडाक्याचे वाद झाले आणि ती सारीच मला पटतात असेही नाही. परंतु व्यक्तीच्या आतली चढउतार दुर्लक्षून केवळ एका दिवसाच्या मापावर तिची वर्गवारी करू नये, ही त्यांची मूळ हरकत बिनतोड होती.

वैद्यकाने तर ही पद्धत केव्हाच पदरात घेतली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दम्याच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. खरे औषध व त्यासारखीच दिसणारी पोकळ गोळी आलटून पालटून, रुग्णाला व डॉक्टरांना दोघांनाही न कळू देता दिल्यावर असे आढळले, की ज्या थिओफिलिनवर रुग्णाचा भरवसा होता त्यानेच तो अधिक बेजार होत होता. हजार रुग्णांच्या सरासरीने थिओफिलिन गुणकारी ठरते की नाही, हा प्रश्न त्याच्या उपयोगाचा नव्हता. ऑक्सफर्डच्या पुराव्याधिष्ठित वैद्यक केंद्राने २०११ साली पुराव्याच्या ज्या पायऱ्या ठरविल्या, त्यांत अशा एका रुग्णावरील प्रयोगांना सर्वोच्च पायरीवर स्थान दिले आहे.

आता या पद्धतीचा वकील होताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालण्याचा माझा इरादा नाही. वाचावयास शिकलेले मूल उपाय काढून घेतल्याने वाचन विसरत नाही, म्हणून तेथे मागे वळणे निरर्थक होते. आणि जे मूल डोके भिंतीवर आपटून घेते, त्याच्या बाबतीत लागू पडलेला उपाय शास्त्रासाठी काढून घेणे क्रूरपणाचे होईल. अशा वेळी तीन मुलांना, किंवा एकाच मुलाच्या तीन सवयींना, वेगवेगळ्या आठवड्यांत उपाय लावतात, आणि ज्याची पाळी आली तोच बदलतो, बाकीचे तसेच राहतात, हे पाहतात. दुसरी उणीव आलेखाची. या परंपरेत निकाल पुष्कळदा डोळ्यांनीच दिला जातो, आणि डोळे फसतात: १९७९ साली दीप्रॉस्पेरो आणि कोहेन यांनी जाणत्या परीक्षकांकडून काही आलेख तपासून घेतले, तेव्हा त्यांच्या निर्णयांतील सहमती सरासरीने ०.६१ एवढीच भरली. तिसरी उणीव सर्वांना ठाऊक आहे: रॉबीला लागू पडले ते गंगारामला लागू पडेलच असे नाही. त्याला उत्तर एकच, तो प्रयोग गंगारामवर पुन्हा करणे, आणि मग आणखी कोणावर. आणि लस द्यावी की न द्यावी, साऱ्या जिल्ह्याला कोणते पाठ्यपुस्तक लावावे, अशा प्रश्नांना समूहप्रयोगावाचून गत्यंतर नाही, हे मी निमूटपणे कबूल करतो.

परंतु आमच्या विद्यापीठांतील संशोधनाची दप्तरे उघडून पाहा. विशेष शिक्षणासारख्या विषयात, जेथे एका मुलाचे दुसऱ्याशी साम्य नसणे हाच नियम आहे, जेथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार गणले आहेत आणि त्या एकेका प्रकारात पुन्हा मूल तितक्या प्रकृती, तेथेसुद्धा प्रबंध निघतात ते प्रश्नावल्यांचे: अमुक विषयाकडे पाहण्याचा शिक्षकांचा दृष्टिकोन, शहरी व ग्रामीण, स्त्री व पुरुष, टी-चाचणी, आणि सार्थ फरक आढळला नाही. मुलापाशी कोणी जातच नाही. संशोधन-समित्यांनी आपल्या नियमावलीत प्रयुक्तांच्या किमान संख्येऐवजी नोंदींची किमान संख्या विचारावी, असे माझे म्हणणे आहे: प्रत्येक टप्प्यात निदान पाच नोंदी आहेत काय, परिणाम निदान तीन वेळा दिसला काय, आणि मोजणाऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजले काय. अमेरिकेत शिक्षण-संशोधनाची छाननी करणाऱ्यांनी २०१० साली साधारण याच अटी घालून दिल्या. या अटी सैल नाहीत. साठ प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा त्या पाळणे कठीण आहे, आणि माझ्या शेऱ्यामागे त्या काठिण्याची जाणीव असती, तर तो निदान आदराने लिहिला गेला असता.

बाईंनी दुसऱ्या वर्षी नवा प्रस्ताव पाठविला. त्यात साठ शिक्षिकांची मते विचारणारी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती, गट दोन होते, टी-चाचणी होती. मुलाचे, खिडकीचे किंवा मावशींचे नावही त्यात नव्हते. समितीने तो एकमताने मंजूर केला, आणि मंजुरीच्या कागदावरची सही माझी आहे.