कोयत्याचा हिशेब

जळोची गाव आता बारामती शहरातच आलं. जवळ एमआयडीसी आहे, पक्के रस्ते आहेत. आणि ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की याच बारामती तालुक्यातल्या उसाच्या फडांलगत बीडहून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती या साखर कारखान्यांचं गाळप त्यांच्या हातांवर चालतं.

जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती हवीच होती. पण दर टनाला असतो, माणसाला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर. डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणारी बाई हिशेबाच्या वहीत नसतेच. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून कापला जातो. हंगाम सरतो, उचल फिटत नाही, आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तोच मुकादम दारात.

याच महाराष्ट्रानं १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, देशाच्या कायद्याआधी तब्बल २८ वर्षं. मग कामाचा हक्क मानणाऱ्या या राज्यात तोडणीवाल्या बाईची मजुरी तिच्या नावानं, तिच्या खात्यात का जमा होत नाही? हा प्रश्न आम्ही या अंकात कारखान्यांना आणि सरकारला विचारतो आहोत.