एकाच वेतातली दोन पिल्लं

फौजी घरात कुत्रं येतं ते बहुधा शेजारच्या कुणाच्या लॅब्रॅडॉरने पिल्लं घातली म्हणून. मग 'एकट्याला करमणार नाही' असं म्हणत एकाच वेतातली दोन उचलली जातात. भावंडं एकमेकांना सांभाळतील, आपला त्रास अर्धा होईल, असा हिशेब असतो. माझ्या मते त्रास दुप्पट होतो, आणि तो छडीने सोडवायला गेलं की चौपट.

पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जग ओळखायला शिकतं: माणसं, लहान मुलं, सायकली, फटाके. या दिवसांत दोघं एकमेकांतच गुंतून राहिली, तर माणूस त्यांना परकाच राहतो. एकाला डॉक्टरकडे नेलं की दुसरं घर डोक्यावर घेतं. त्यात आपल्या मागे बदली लागलेली. नवं क्वार्टर लहान निघतं, 'एकच नेऊ' असं ठरतं, आणि एकटं राहायला कधी न शिकलेलं पिल्लू मागे राहतं. लखनौच्या छावणीत सकाळी फिरताना गळ्यात जुना पट्टा असलेली, कुणाचीच नसलेली कुत्री दिसतात.

यावरचा उपाय फौजेतच आहे. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात कुत्रा तयार होतो तो आपल्या हँडलरबरोबर, जोडीने. घरीही तेच करावं. दोन पिल्लं, तर दोन माणसं. ताटल्या वेगळ्या, अंथरुणं वेगळी, फेरफटका वेगळा. रोज थोडा वेळ एकमेकांच्या नजरेआड. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा. एकेकटं नीट शिकलं की मगच दोघांना एकत्र घ्यावं. लखनौच्या मे महिन्यात हे सगळं सूर्य वर यायच्या आत उरकावं. डांबराने पंजे भाजतात.

शिकवायचं ते बक्षिसावर. पिल्लू बसलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा आणि शाबासकी. दोन मिनिटांनी दिलं तर ते कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. शिक्षेचंही तसंच. सकाळी केलेल्या घाणीबद्दल दुपारी नाक दाबलं, तर ते एवढंच शिकतं की मालकाचा भरवसा नाही.

जुने सुभेदारसाहेब म्हणतील, हे लाड झाले, धाक हवा. साहेब, लाड म्हणजे काम न करता मिळालेला खाऊ. इथे कामाशिवाय दाणाही नाही. याहून कडक शिस्त कोणती? आणि स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याचा विचार करा. वास लागला की ते बसतं, कारण त्याला चेंडू मिळणार असतो. चुकलो तर मार बसेल ही भीती असती, तर ते बसायलाच कचरलं असतं, आणि मागून येणाऱ्या पार्टीने त्याची किंमत मोजली असती. 2022 साली काश्मीरमध्ये अ‍ॅक्सेल आणि झूम हे आपले दोन कुत्रे कामगिरीवर असताना गोळ्या लागून गेले. असं काम छडीच्या धाकाने होत नाही.

त्याच वर्षी जुलैत लखनौच्या कैसरबागेत पिटबुलने घरातल्याच वृद्ध मालकिणीचा जीव घेतला. अशी बातमी आली की लोकांचा हात छडीकडे जातो. पण गुरगुरणं ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. त्याबद्दल मार बसला तर कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं नाही. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनेही 2021 मध्ये सर्वच कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसाच्या पद्धतीची शिफारस केली. आणि आपल्याकडे जनावराला मारहाण हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे.

निवृत्तीनंतर सातारा-सांगलीकडे घर बांधून कुत्रं पाळणारे पुष्कळ जण हे वाचतात. त्यांना एवढंच सांगणं: घरात दोन माणसांकडे रोजचा वेळ असेल तरच दोन पिल्लं आणा. नसेल, तर एक आणा आणि दुसऱ्याला दुसरं चांगलं घर शोधून द्या. त्यात दोघांचंही भलं आहे.