जिवाणी विहिरीत आणि सांडपाणी नाथसागरात



पाणी गाळण्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे कॅप्टन स्कोर्सबीने पाण्याच्या एका थेंबात पाहिलेले ३६,४५० जीव. दुसरी, "आपल्या धर्मात हे आधीच सांगितलंय." सगळ्याजणी माना डोलावतात आणि विषय संपतो. मला वाटतं, तो तिथे सुरू व्हायला हवा. घरात येणाऱ्या पाण्याला आपण दुहेरी कापड लावतो, ४८ मिनिटांची मर्यादा पाळतो. घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याला काय लावतो? मोरीवर जाळी, ती पण झुरळं वर येऊ नयेत म्हणून!

जिवाणीचंच बघा. गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्या पाण्याने धुवायचं आणि ते जीव ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून ओतून नाही. बुडाला कडी लावलेली बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि मग उलटी करायची, म्हणजे जीव आपटत नाहीत. ज्यांनी इतका बारीक विचार केला ते सांडपाण्याबद्दल गप्प बसले असतील का? मुनींच्या पाच समित्यांमधली शेवटची, प्रतिष्ठापन समिती, मलमूत्र कुठे आणि कसं टाकायचं याबद्दलच आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत तळी-सरोवरं सुकवण्याचा धंदा आहे. तळं सुकवणं पाप असेल, तर तळं सडवणं कुठल्या खात्यात घालायचं?

हे सडणं कसं होतं ते आधी सांगते. शेवाळाला वाढायला नत्र आणि फॉस्फरस लागतो. स्वच्छ तळ्यात फॉस्फरस फार थोडा असतो, म्हणून शेवाळ आटोक्यात राहतं. १९७३ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशीच राहिली. वरून काढलेला तो फोटो जगभर गाजला. आपल्याला वेगळा फोटो लागत नाही, दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवरावर जाऊन जलपर्णी बघितली तरी पुरे. ती शेवाळ नव्हे, पण वाढते त्याच खुराकावर. कोल्हापूरच्या माहेरवाशिणींना तर रंकाळा सांगायलाच नको.

"हिरवळच ना ती, वाढली तर काय बिघडलं?" असं कोणी म्हणेल. बिघडतं ते रात्री. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. मग ते मरतं, तळाशी जाऊन सडतं, आणि सडताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात आणि मरतात. शंख-गोगलगायीपासून माशापर्यंत, म्हणजे द्वींद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे गुदमरतात. कंदमुळातल्या एकेंद्रिय जीवांसाठी आपण बटाटा सोडला. या पंचेंद्रियांचा हिशेब कोण ठेवणार?

आता आपल्या शहराचं. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरातून येते, हर्सूल तलावावरून शहरात शिरते, आपलं सांडपाणी घेते आणि वाळूजच्या बाजूने गोदावरीकडे, नाथसागराकडे जाते. त्याच नाथसागरातून आपलं पिण्याचं पाणी उचललं जातं, फारोळ्याला शुद्ध होतं आणि कितीतरी दिवसांनी एकदा नळाला येतं. आपण ते भक्तिभावाने गाळतो! खामच्या काठी गेल्या काही वर्षांत चांगलं काम झालं आहे. लोखंडी पुलाजवळ इको पार्क झालं, कचरा निघाला, झाडं लागली. त्या मंडळींना मी हात जोडते. पण काठ सुंदर झाला म्हणून पाण्यात विरघळलेला फॉस्फरस निघत नाही. सांडपाण्याच्या साध्या शुद्धीकरण केंद्रातही त्यातला थोडाच निघतो, कारण ती केंद्रं मुळात घाण कुजवण्यासाठी बांधलेली असतात.

"आमच्या एका घराने काय होणार? आधी कारखान्यांना विचारा." हेही नेहमीचंच. मी बी.कॉम. आहे, रसायनशास्त्र माझा विषय नाही, पण बेरीज-गुणाकार येतो. माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. म्हणजे रोज हजार किलोच्या वर, तोही फक्त संडासातून. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वेगळे. कारखान्यांना जरूर विचारूया. पण हा माल कारखान्याचा नाही, घराघरातला आहे.

दुसरा माल शेतातला. इथे थोडं कडू बोलणार आहे. मराठवाड्यात आपल्या कितीतरी घरांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातून डीएपीच्या गोण्या जातात, आणि किती टाकायचं हे शेतकरी दुकानदारालाच विचारतो. ५० किलोच्या एका गोणीत साधारण १० किलो शुद्ध फॉस्फरस असतो. एक किलो फॉस्फरसवर सुमारे शंभर किलो शेवाळ वाढू शकतं, तेही वाळवून मोजलेलं. गोणीतलं सगळं काही तळ्यात जात नाही, बरंचसं मातीला धरून राहतं. पण पावसात मातीच वाहून जाते. नाथसागराचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, खत पडतं, आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. माती परीक्षणाचा कागद बघितल्याशिवाय डीएपी सुचवायचं नाही, एवढा नेम आपल्या घरचे दुकानदार घेऊ शकत नाहीत का? विक्री कमी होईल, होऊ दे. परिग्रह परिमाण व्रत कशासाठी असतं मग?

"पण आम्ही तर गाळून, उकळून पितो." या वाक्याचं उत्तर २०१४ साली अमेरिकेतल्या टोलेडो शहराला मिळालं. तिथे पिण्याचं पाणी ईरी सरोवरातून येतं. ऑगस्टच्या सुरुवातीला सरोवरावर निळं-हिरवं शेवाळ माजलं आणि त्याचं विष, मायक्रोसिस्टिन, नळापर्यंत पोचलं. चार-पाच लाख लोकांना तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगण्यात आलं, आणि मुद्दाम बजावलं की उकळूही नका. उकळून हे विष मरत नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं. विरघळलेलं असल्यामुळे ते कापडातूनही पार जातं. गाळण्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. बांगलादेशात साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळायला लावलं तर पटकी जवळजवळ निम्मी झाली, हे २००३ साली छापून आलं आहे. पण कापड जीव अडवतं, विष अडवत नाही. यकृतावर घाला घालणाऱ्या या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. आमच्या नळाचा आकडा कोणी लावून दाखवेल का?

ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांचं बरंचसं निभेल. पण चौक्याचं काय? मुनिश्रींच्या आहाराला विहिरीचं पाणी लागतं. आपण ते सोवळ्यात आणतो, गाळतो, उकळतो, जिवाणी परत सोडतो. त्या विहिरीच्या आजूबाजूला शोषखड्डे आणि युरियाची शेतं असतील तर पाण्यात नायट्रेट उतरतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तेही उकळून जात नाही. दिवसातून एकदाच पाणी घेणाऱ्या साधूंच्या अंजुळीत आपण काय ओततो, हे तपासून घ्यायला प्रयोगशाळेची एक बाटली लागते. विहिरीच्या पाण्याची शुद्धी बघणाऱ्या किती चौक्यांनी ही बाटली भरून दिली असेल?

घरापुरतं करायचं ते फार अवघड नाही. सुटी, किलोवर मिळणारी पावडर बंद करा, पाकिटावर फॉस्फेटमुक्त लिहिलेली घ्या. मापाच्या चमच्यानेच घाला, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. ताटातलं खरकटं आणि कढईतलं तेल मोरीत जाऊ देऊ नका. सोसायटीत सांडपाण्याचं यंत्र असेल तर ते चालू असतं की वीजबिल वाचवायला बंद ठेवलेलं असतं, हे अध्यक्षांना विचारा. शेजारची काय म्हणेल याची पर्वा करू नका.

पण खरी मागणी महापालिकेकडे आहे. नाथसागरातून पाणी उचलतात तिथे फॉस्फरसची आणि निळ्या-हिरव्या शेवाळाची दरमहा तपासणी व्हावी, उन्हाळ्यात दर आठवड्याला, आणि आकडे वर्तमानपत्रात छापावेत. नवीन शुद्धीकरण केंद्रांत फॉस्फरस काढण्याची सोय असावी. पत्राचा मसुदा मी केला आहे, दोन पानी आहे. रविवारी स्वाध्यायानंतर सह्या घ्यायच्या आहेत. येताना चौक्याच्या विहिरीचं पाणी एका स्वच्छ बाटलीत घेऊन या, तपासणीचे पैसे आपण वर्गणी काढून भरू. आणि ज्यांच्या घरी खताचं दुकान आहे त्यांनी यजमानांनाही घेऊन यावं, त्यांच्याशी बोलायचं आहे.