रक्त आमचं, लाभ कुणाचा?

अमेरिकेत सिकलसेल दुर्मीळ आजार गणला जातो. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना तो चांगलाच ओळखीचा आहे. म्हणून संशोधक फिरून फिरून इथेच येतात. पत्ते तयार, लोक प्रश्न न विचारणारे! मी काम करते त्या वस्तीत एका मुलीचं रक्त तीन अभ्यासांसाठी घेतलं गेलं. अहवाल एकदाही घरी आला नाही.

विज्ञानाला आपला विरोध नाही. हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध संशोधनातूनच मिळालं. पण आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं संशोधनाचा भार आणि लाभ न्याय्य वाटायला सांगतात. इथे भार वस्तीला, लाभ प्रबंधाला!

दुसरं नुकसान शिक्क्याचं. कुणबी, तेली समाजातही रुग्ण आहेत. पण जिथे शोधाल तिथेच सापडणार. मग ‘हा यांचाच आजार’ ठरतो आणि मुलींची लग्नं अडतात.

तरुणांनो, उपचारासाठी तपासणी जरूर करून घ्या. संशोधनाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी मात्र विचारा : अहवाल कधी मिळेल? औषधाचं काय? मागच्या अभ्यासातून वस्तीला काय मिळालं? उत्तर नसेल, तर सही नाही.

जयभीम!