जिन्यावरचा जमाखर्च

गेल्या जुलैत माझ्या भाच्याकडे स्टुटगार्टला तीन आठवडे राहून आलो, आणि आल्या दिवसापासून जो भेटेल तो मला "तिकडे महागाई कितपत आहे हो?" हा एकच प्रश्न विचारीत असतो. चौतीस वर्षे हिशेबखात्यात बसून इतरांच्या जमाखर्चावर तांबड्या शाईने खुणा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने या प्रश्नाचे उत्तर तत्काळ द्यावे अशी अपेक्षा गैर नाही. परंतु मी भाच्याची जमाखर्चाची वही तीन वेळा तपासली, बेरजा पुन्हा मांडून पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर थोडेसे बदलत गेले.

प्रथम जमेची बाजू. जर्मनीत शिकावयास जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला, आपल्या वर्षभराच्या निर्वाहाची तजवीज झालेली आहे, हे व्हिसाच्या अर्जासोबत सिद्ध करावे लागते; आणि त्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘श्पेरकोन्टो’ नावाच्या कुलूपबंद खात्यात ११,९०४ युरो आगाऊ भरून ठेवणे. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे बारा लाख होतात. माझ्या मेहुण्यांनी त्यासाठी मिरजेचे राहते घर बँकेकडे तारण ठेवले. एवढा खटाटोप करून भरलेल्या या रकमेतून विद्यार्थ्याच्या हाती दरमहा ९९२ युरो पडतात, एक सेंटही अधिक नाही. संस्थानी अमदानीत जहागीरदार अज्ञान असला, की त्याची मिळकत सरकारी देखरेखीखाली जाई आणि त्याला स्वतःच्याच उत्पन्नातून महिन्याची नेमणूक मिळे. भाच्याची स्थिती मला थेट तशी वाटली. फरक इतकाच, की याची जहागीर म्हणजे गहाण पडलेल्या तीन खोल्या.

हा एकटाच मुलगा असे साहस करतो आहे असेही नव्हे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. त्यांतले मराठी किती हे मोजण्याच्या भरीस मी पडलो नाही, पण फायहिंगेन भागातल्या विद्यापीठाच्या आवारात पहिल्याच दिवशी "अरे, लॅबची चावी कुणाकडे आहे?" हा प्रश्न शुद्ध कोल्हापुरी हेलात माझ्या कानी पडला. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनीनगरे आहेत. दोघी बहिणींच्या स्वभावात मात्र नावालाही साम्य नाही. मुंबई उधळी आणि स्टुटगार्ट पैशास गाठ मारून बसणारी, अशी ही जोडी आहे.

आता खर्चाची बाजू. माझी बहीण मुलाच्या खाण्याच्या काळजीने अर्धी झालेली असते. तो निघाला तेव्हा त्याच्या तेवीस किलोंच्या बॅगेत चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तीन प्रकारचे चिवडे आणि एक कुकर हाच ऐवज मुख्य होता. पुस्तके आणि स्वेटर नंतर जागा उरेल तसे शिरले. वस्तुतः त्या वहीत पोटाचा खर्च हाच सर्वांत नम्र खर्च निघाला. विद्यापीठाच्या ‘मेन्झा’त, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, दुपारचे जेवण तीन-चार युरोंत होते, बटाटे, दूध, अंडी, पाव, कोबी या जिनसा आपल्याकडच्या माणसाला धक्का बसावा इतक्या महाग नाहीत, तुर्की दुकानात तांदूळ आणि मसूर मिळतात, आणि नळाचे पाणी निर्धास्त प्यावे असे असते. पाण्याची बाटली विकत घेतलीच, तर तिच्यावर पंचवीस सेंट अनामत आकारतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की ती परत करतात. माझ्या भाच्याच्या खोलीच्या कोपऱ्यात अशा बाटल्यांची एक थैली असते, आणि महिन्याच्या अखेरीस ती थैली घेऊन तो ज्या गांभीर्याने बाहेर पडतो ते पाहून मला माझ्या वडिलांची रद्दी विकण्याची पद्धत आठवली.

खरा खर्च छपराचा. तीन मुलांनी मिळून घेतलेल्या एका बिऱ्हाडात भाच्याची एक खोली आहे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. या खोलीचे भाडे ४८० युरो. मी हे भाडे ऐकून तोंड वासले तेव्हा तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मामा, हे उबदार भाडं आहे." तेथे भाडे दोन जातींचे असते: नुसत्या चार भिंतींचे ते ‘थंड’ आणि पाणी, तापवणी, जिन्यातला दिवा वगैरे धरून ते ‘उबदार’. घरमालकाला थंड भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत अनामत मागता येते, आणि ही अनामत नेमक्या त्या दिवसांत द्यावी लागते, जेव्हा कुलूपबंद खात्यातून पहिला हप्ताही सुटलेला नसतो. शिवाय घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घरमालकाचा लेखी दाखला घेऊन नगरकचेरीत रहिवासाची नोंद करावयाची. त्या नोंदीच्या कागदावाचून पुढले कितीतरी कागद अडून राहतात. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ज्याची हयात गेली, त्याला यात नवल वाटू नये; मला मात्र वाटले, ते अशासाठी, की तेथे चहा पाजून काम पुढे सरकविण्याची सोय कोठेही आढळली नाही.

वही पुढे सांगते: आरोग्यविमा सुमारे १४० युरो, हा सक्तीचा. आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी दर घरटी १८.३६ युरो, मग घरात दूरदर्शन-संच असो वा नसो. ती तिघांत वाटली म्हणजे प्रत्येकी ६.१२, आणि हे बारा सेंट भाच्याने वहीत न चुकता लिहिलेले पाहून माझ्यातला हिशेबनीस सुखावला. एवढे वजा जाता ९९२ मधून ३६५.८८ उरतात. जर्मनीत शिक्षण फुकट असते, असा आपल्याकडे प्रवाद आहे आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरता तो खराही आहे. परंतु स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात येते, त्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर दर सत्रास १,५०० युरो शुल्क बसविले आहे. म्हणजे महिन्याला आणखी २५० गेले. शिल्लक ११५.८८. यात खावयाचे, ल्यावयाचे, केस कापावयाचे आणि आईला फोनवर "सगळं मजेत आहे" असे सांगावयाचे.

म्हणून तो शनिवारी एका पावाच्या दुकानात आठ तास उभा राहतो. विद्यार्थ्याने वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करावे अशी २०२४ पासून मुभा आहे, आणि २०२५ साली तासाचे किमान वेतन १२.८२ युरो होते. चार शनिवारांचे ४१०.२४ होतात आणि वहीला श्वास घेता येतो. शिवाय संध्याकाळी न खपलेले पाव घरी येतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. पहिल्या रविवारी घरात साखर नव्हती, तेव्हा मी पिशवी घेऊन दोन मैल निष्कारण चालून आलो आणि ओस पडलेल्या रस्त्यांवर मला क्षणभर संचारबंदीचा भास झाला. रात्री दहानंतर शांतता पाळावयाची असल्यामुळे कुकरच्या शिट्ट्यांवरही त्या घरात वेळेचे बंधन आहे. पहिल्या वर्षी भाच्याने अकरा वाजता वरण लावले होते, आणि दुसऱ्या दिवशी दारावर चिकटवलेल्या सभ्य भाषेतल्या चिठ्ठीचा अर्थ लावण्यासाठी त्याला शब्दकोश उघडावा लागला होता.

पण वहीत कोठेही न सापडणारी एक बाब राहिलीच. ती म्हणजे ‘केअरवोखं’, झाडलोटीचा आठवडा. त्या श्वाबेन मुलखात भाडेकरूंनी आळीपाळीने जिना झाडावा आणि पुसावा असा दंडक आहे. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते, आणि आठवडा सरला की ती शेजारच्या दाराकडे जाते. या प्रथेचे मूळ १४९२ सालच्या तेथल्या नगरकायद्यातील स्वच्छतेच्या कलमापर्यंत नेतात. पाटी काही बोलत नाही. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही मुलांवर तिच्याइतका धाक त्यांच्या प्राध्यापकांनाही बसविता आला नसावा.

मी तेथे असताना पाटी आमच्या दारावर आली, आणि ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यात. शनिवारी भाचा पहाटेच पावाच्या दुकानावर गेला, बाकीचे दोघे ग्रंथालयात. मी धोतर नसले तरी पायजमा खोचून, झाडू आणि बादली घेऊन, तिसऱ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या अठरा पायऱ्या झाडल्या, पुसल्या, कोपरे तर बोटाने खरवडले. उभ्या आयुष्यात स्वतःच्या वाड्याचा जिना मी कधी पुसला नव्हता, ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतीस कळू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध बाई दार उघडून बाहेर आल्या, पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पायऱ्यांकडे पाहून एक दीर्घ वाक्य बोलल्या. मला येणारा एकुलता एक जर्मन शब्द ‘दांके’ मी दोनदा म्हटला आणि प्रशस्तिपत्र मिळाल्याच्या आनंदात वर आलो.

संध्याकाळी भाचा पावांची पिशवी घेऊन परतला, तो हसतच.

"काय म्हणाल्या रे त्या बाई?" मी विचारले. तो म्हणाला, "मला आताच जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या मामांनी पायऱ्या ठीक केल्या आहेत, पण कठडा राहिला."

पिशवी ठेवून, आठ तास उभ्या असलेल्या पायांनीच, तो ओले फडके घेऊन खाली गेला. मी वरणासाठी मसूर धुऊन कुकर चढविला. साडेनऊ होत आले होते, आणि दहाच्या आत तीन शिट्ट्या व्हावयास हव्या होत्या.