पाण्यातला जोडीदार

मैत्रिणींनो, मे महिना जवळ आला की लालबाग-परळच्या घराघरांतून गावी जायच्या तिकिटांची धांदल सुरू होते. पूर्वी मालवणला गेलं की आंबे-फणस, देवदर्शन आणि परतताना पिशवीभर सोलं, एवढाच बेत असे. आता त्यात समुद्राखाली जाऊन मासे बघून येण्याची भर पडली आहे. स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते हेच. परळच्या एका भगिनीने विचारलं आहे, "मुलगी आणि मी उतरायचं म्हणतोय, पण ह्यांना पाण्याची भीती. सासूबाई म्हणतात, तो नाही तर तूही नको, बाईमाणसानं एकटीनं कसलं पाण्यात जायचं! काय करू?"

ताई, सासूबाईंची काळजी खोटी नाही. पाण्याखाली एकटीनं जाऊ नये, हे जगभरचे पाणबुडे सांगतात. पण नवरा बरोबर असला म्हणजे सोबत झाली, हे काही खरं नाही. ज्याला स्वतःलाच पाण्याखाली काय करायचं ते ठाऊक नाही, तो घाबरला तर आधी तुम्हालाच मिठी मारील!

पाणबुड्यांच्या भाषेत सोबत्याला 'बडी' म्हणतात. आपण जोडीदार म्हणू या. त्याचं काम नुसतं शेजारी पोहायचं नसतं. उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची सगळी तपासणी करायची: जॅकेटात हवा भरते का, पट्टे नीट आवळलेत का, सिलिंडरची चावी उघडी आहे का. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. नसतो. आपली साधी हवाच दाबून भरलेली असते.) प्रत्येकाकडे तोंडात धरायची एक जास्तीची नळी असते. तिला गमतीनं ऑक्टोपस म्हणतात. ती स्वतःसाठी नसतेच मुळी. जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची असते. म्हणजे पाहा, तुमचा खरा राखीव साठा दुसऱ्याच्या पाठीवर असतो. तो वीस हात लांब माशांचे फोटो काढत बसला, तर असून नसल्यासारखाच.

खुणाही शिकून घ्याव्या लागतात. अंगठा वर केला की आपण 'छान' समजतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचं आणि सावकाश वर यायचं. वर भेट होते.

आता तुमच्या मालवणच्या बेताविषयी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी लोकांना उतरवतात, पोहता येत नसलं तरीही. तिथे तुमचा जोडीदार म्हणजे तिथला प्रशिक्षक. तो मागून धरतो, हवेच्या चाव्या तोच सांभाळतो. तेव्हा यजमान होडीत बसून चपला आणि पिशव्या राखोत, काही बिघडत नाही. पैसे देण्याआधी मात्र प्रशिक्षकाला विचारा: माझ्याबरोबर एक माणूस असेल ना, की एकटा दोघी-तिघींना बघणार? आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवाल ना? आणि फोटो कोण काढणार? जो तुम्हाला धरणार तोच कॅमेराही धरणार असेल, तर सरळ नाही म्हणा. फोटो काय, किल्ल्यावरही निघतात.

मुलीलाही तिचा स्वतंत्र माणूस हवा. "आई आहे ना तिच्याबरोबर," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खाली सगळ्यात मोठा नियम एकच, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर, म्हणजे आपल्या चाळीच्या तीनेक मजल्यांइतक्या खोलीवर, फुगा भरला तर वर येईपर्यंत तो दुप्पट होतो. छातीतल्या हवेचंही तसंच. घाबरून श्वास कोंडून भरकन वर आलं तर फुफ्फुस फाटू शकतं. भीती वाटली तर खूण करा. मला आपल्या बायकांचं इथेच भय वाटतं. कान दुखतोय, नाकात पाणी गेलंय, तरी 'कुणाला कशाला त्रास' म्हणून गप्प बसायची आपली सवय. ती सवय किनाऱ्यावर ठेवून जा.

काहीजण मुद्दाम एकटे उतरतात, हेही खरं. त्यांचं म्हणणं असं, की निष्काळजी जोडीदारापेक्षा जोडीदार नसलेला बरा. त्यात तथ्य आहे. पण त्याची तयारी बघा: एकट्याने उतरण्याचा अभ्यासक्रम शिकवणारी एसडीआय ही संस्था वय २१ पूर्ण आणि पूर्वीच्या १०० डुबक्यांची नोंद मागते. शिवाय हवेचा दुसरा, अगदी स्वतंत्र साठा स्वतःच बाळगायचा. उद्या तुमची लेक तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर शिकून आली आणि "मी एकटी जाते" म्हणाली, तर हा हिशेब तिच्यापुढे मांडा. मुलगी म्हणून अडवू नका, शंभराचा आकडा विचारा.

आणि पाण्याला भिणारे यजमान अगदीच निरुपयोगी असतात असं नाही हं! जपानात 'आमा' नावाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या श्वासाच्या बळावर शिंपले काढायला बुड्या मारीत आल्या. त्यांच्यातल्या काहींचे नवरे होडीत दोर धरून बसत. बायकोनं दोर हलवला की वर ओढायचं. ह्यांनी फक्त दोरावर लक्ष ठेवायचं, गप्पा मारायच्या नाहीत. कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकाही गटानेच समुद्रात जातात.

मुंबईतल्या आयांना एक सांगते. शिवाजी पार्कच्या तलावावर किंवा कुठेही मुलं 'पाण्याखाली जास्त वेळ कोण' अशी पैज लावतात. आधी भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली की गुदमरल्याची जाणीवच उशिरा होते आणि मूल आवाज न करता बेशुद्ध पडतं. बघायला कुणी नसेल तर कळतसुद्धा नाही. ही पैज बंद करा.

होडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवंच, यजमानांच्याही. तारकर्लीला मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तो पाण्याखाली नव्हे, होडीतून येताना.

दिवस गेलेले असतील तर यंदा किनाऱ्यावरूनच समुद्र बघा. दमा, हृदयविकार, कानाचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका, आणि फॉर्मवर खरं ते लिहा. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी बेत पुढे ढकला. विमानानं परतणार असाल तर डुबकीनंतर निदान अठरा तास जाऊ द्या. पाऊस जवळ आला की हे सगळं बंद होतं, तेव्हा जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जा.